कवळी, पेरू आणि पेला

साठी उलटली की ताटातून काही पदार्थ न सांगता उठून जातात. पेरू त्यांत बहुधा पहिला. पेरूची बी कवळीखाली गेली की काय होते ते कवळीवाल्यालाच ठाऊक; एकदा तसे झाले की घरात पेरू आला तरी 'मला नको, तुम्ही खा' एवढ्यावर विषय संपतो. त्यामागोमाग कच्चे गाजर, मुळा, डाळिंब, भाजलेले शेंगदाणे, भाकरीचा कडक पापुद्रा हेही जातात. आवळा उरतो तो मोरावळ्यापुरता, म्हणजे साखरेच्या पाकात मुरलेला. त्यांच्या जागी मऊ भात येतो, चहात बुडवलेले बिस्कीट येते, साबुदाण्याची खीर येते. भूक बेताची झालेली असते, तोंडाला कोरड असते, जेवायला सोबत असेलच असे नाही. हा बदल कुणी ठरवून करत नाही, त्यामुळे तो कुणाच्या डोळ्यांवरही येत नाही. या पुस्तकाचा विषय 'उतारवयातली त्वचा आणि घरी केलेल्या स्मूदी' असा सांगितला की ऐकणाऱ्यासमोर सौंदर्यप्रसाधनांचे कपाट उभे राहते. मला हा विषय कवळीच्या डबीशेजारी ठेवायचा आहे. मिक्सरच्या भांड्यात जादू नसते. तोंडाने सोडून दिलेले चावण्याचे काम ते करते, आणि त्यामुळे ताटातून गेलेला पेरू पेल्यातून परत येऊ शकतो. स्मूदीचा त्वचेला जो काही उपयोग आहे तो एवढ्या एकाच वाटेने आहे, असे माझे म्हणणे आहे. पुढचे सारे विवेचन त्या वाटेचे आणि तिच्यावरच्या खड्ड्यांचे.

आधी एक रास्त प्रश्न. उतारवयात गुडघे, डोळे, साखर, रक्तदाब एवढे सगळे असताना कातडीचे लाड कशाला? सुरकुत्यांपुरता हा प्रश्न असता तर मीही तो तिथेच सोडला असता. पण म्हातारी त्वचा दिसण्यापुरती बदलत नाही. ती कोरडी पडते आणि रात्र रात्र खाजते. हातावर साधी बांगडी घासली तरी काळेनिळे डाग उमटतात. कोपर दाराला लागले तर साल निघते आणि जखम भरायला आठवड्यांवर आठवडे जातात. अंथरुणाला खिळलेल्या माणसाची पाठ सांभाळणाऱ्यांना त्वचा हा चैनीचा विषय आहे असे सांगून पाहावे. यांतल्या बऱ्याच गोष्टींच्या मुळाशी बाह्यत्वचेखालचा जाड थर आहे. त्या थराला ताकद देणारे मुख्य प्रथिन म्हणजे कोलॅजेन. ऐन तारुण्यापासूनच ते दर वर्षी सुमारे एक टक्क्याने घटत जाते, असा सर्वसाधारण अंदाज आहे. बायकांमध्ये पाळी गेल्यानंतरच्या पहिल्या पाच वर्षांत त्वचेतले जवळजवळ ३० टक्के कोलॅजेन जाते, असे मोजमापांतून दिसले आहे. ही घसरण कोणताही पेला थांबवू शकत नाही. मात्र रोज नवे थोडेफार कोलॅजेन बनतच असते, आणि त्या बांधकामाला सामान लागते.

हे सामान काय, याचा धडा वैद्यकाला समुद्रावर मिळाला. १७४७ मध्ये जेम्स लिंड या आरमारी डॉक्टरने 'सॉल्झबरी' या जहाजावर स्कर्व्हीने आजारी पडलेल्या बारा खलाशांच्या जोड्या केल्या आणि प्रत्येक जोडीला वेगळा उपाय दिला. संत्री आणि लिंबे मिळालेली जोडी झपाट्याने बरी झाली. स्कर्व्हीचे एक लक्षण फार बोलके आहे. या रोगात वर्षांपूर्वी भरून आलेले जुने व्रण पुन्हा उकलतात. कारण व्रण भरला म्हणजे तिथले काम संपले असे होत नाही. तिथले कोलॅजेन सतत झिजत आणि नव्याने विणले जात असते. त्या विणीचे धागे घट्ट पिळण्यासाठी क जीवनसत्त्व लागते. बहुतेक प्राणी ते आपल्या शरीरातच तयार करतात. माणसाला ते जमत नाही, त्याला ते खावेच लागते. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या २०२० च्या शिफारशीप्रमाणे प्रौढ स्त्रीला दिवसाला ६५ आणि पुरुषाला ८० मिलिग्रॅम क जीवनसत्त्व लागते. शंभर ग्रॅम पेरूत ते दोनशे मिलिग्रॅमच्या वर असते. म्हणजे अर्धा मध्यम पेरू हाच दिवसाचा कोटा, आणि तोच नेमका आपण म्हातारपणी सोडून देतो.

सोडून देतो, हे अनुमान नव्हे. ब्रिटनमध्ये पासष्टीपुढच्या माणसांच्या आहाराची जी राष्ट्रीय पाहणी झाली तिच्यात दात नसलेल्यांच्या रक्तात क जीवनसत्त्वाचे प्रमाण दात असलेल्यांपेक्षा कमी आढळले. आपल्याकडचे चित्र त्याहून गंभीर आहे. उत्तर आणि दक्षिण भारतातल्या साठीपुढच्या साडेपाच हजारांहून अधिक लोकांचे रक्त तपासून केलेला एक अभ्यास २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. क जीवनसत्त्वाची कमतरता उत्तरेत सुमारे ७४ टक्के लोकांत आणि दक्षिणेत सुमारे ४६ टक्के लोकांत निघाली. तंबाखू खाणाऱ्या-ओढणाऱ्यांत आणि चुलीच्या धुरात वावरणाऱ्यांत ती जास्त होती. ज्या देशात आवळी नवमीला आवळ्याच्या झाडाखाली जेवण्याची चाल आहे आणि पेरू रस्त्यावर तिखट-मीठ लावून मिळतो, त्या देशातले हे आकडे आहेत. तेव्हा भारतातल्या म्हाताऱ्या त्वचेबद्दल बोलताना दूरदेशीच्या बेरींच्या पावडरींपासून सुरुवात करणे मला उफराटे वाटते.

इथे गोळीचा मुद्दा येतो. सारे क जीवनसत्त्वावरच येऊन थांबत असेल तर औषधाच्या दुकानात चोखायची आंबट गोळी मिळते, ती स्वस्त आहे, तिला मिक्सर लागत नाही आणि भांडी घासावी लागत नाहीत. कमतरता सिद्ध झालेल्या माणसाला डॉक्टरने गोळी दिली तर ती घ्यावी, यात वाद नाही. पण एरवी गोळीची ताकद फारशी कामी येत नाही. दिवसाला दोनशे ते चारशे मिलिग्रॅमच्या पुढे रक्तातली पातळी जवळजवळ वाढतच नाही; उरलेले लघवीवाटे जाते. आणि अन्नातून एकच घटक उपसून काढला की तो अन्नासारखाच वागेल, हा समज दोनदा चांगलाच आपटला आहे. गाजर-पपईला रंग देणारे बीटा-कॅरोटीन फिनलंडमधल्या २९ हजारांहून अधिक धूम्रपान करणाऱ्या पुरुषांवरच्या चाचणीत गोळीच्या रूपात दिले गेले. १९९४ मध्ये तिचे निष्कर्ष आले तेव्हा गोळी घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कर्करोग १८ टक्क्यांनी अधिक निघाला होता. दुसरी चाचणी थेट त्वचेची. ऑस्ट्रेलियातल्या नँबोर गावातल्या ९०३ जणांना साडेचार वर्षे पारखले गेले. बीटा-कॅरोटीनच्या गोळीने त्वचेच्या वार्धक्यावर काहीच फरक पडला नाही.

त्याच चाचणीचा दुसरा निष्कर्ष स्मूदीचे पुस्तक लिहिणाऱ्याला अडचणीचा आहे, म्हणून तो प्रस्तावनेतच सांगून टाकतो. ज्यांनी रोज नियमाने सनस्क्रीन लावले त्यांच्या त्वचेचे वार्धक्य, मनाला येईल तेव्हा लावणाऱ्यांपेक्षा २४ टक्क्यांनी कमी होते. उन्हातले लांब लहरींचे अतिनील किरण काचेतूनही आत येतात आणि खालच्या थरातले कोलॅजेन तोडतात. अठ्ठावीस वर्षे मालमोटार चालवलेल्या एका ६९ वर्षांच्या अमेरिकन माणसाचे छायाचित्र २०१२ मध्ये एका वैद्यकीय नियतकालिकात आले होते. खिडकीकडचा डावा गाल जणू त्याच्या बापाचा असावा इतका सुरकुतलेला, आणि उजवा त्याच्या वयाला शोभेल असा. दोन्ही गालांना अन्न एकाच ताटातले मिळत होते! त्वचेसाठी आधी टोपी, छत्री, डोक्यावरून पदर, मग सनस्क्रीन, तंबाखू बंद, आणि त्यानंतर पेला: हा क्रम जो बदलून सांगेल त्याच्यावर विश्वास ठेवू नये.

मग अन्नाचा वाटा उरतो किती? उरतो, पण तो नेमका मोजणे अवघड आहे. अमेरिकेतल्या ४० ते ७४ वयाच्या चार हजारांवर स्त्रियांच्या माहितीचे विश्लेषण २००७ मध्ये प्रसिद्ध झाले. ज्यांच्या आहारात क जीवनसत्त्व जास्त त्यांच्यात सुरकुत्या आणि कोरडेपणा कमी दिसला, आणि ज्यांचा आहार पिठूळ-गोड पदार्थांनी भरलेला त्यांच्यात सुरकुत्या जास्त. त्याआधी २००१ मध्ये ग्रीस, स्वीडन आणि ऑस्ट्रेलियातल्या ४५३ वृद्धांच्या अभ्यासात भाज्या, कडधान्ये, मासे आणि ऑलिव्ह तेल खाणाऱ्यांच्या उघड्या त्वचेवर सुरकुत्या कमी आढळल्या होत्या. हे अभ्यास संबंध दाखवतात, कारण सिद्ध करत नाहीत. भाजी खाणारा माणूस इतरही बऱ्याच गोष्टी नीट करत असतो. तरी दोन्हींतून दिसते ते पूर्ण ताटाचे चित्र आहे, कुठल्या एका चमत्कारी फळाचे नाही, आणि माझ्या मुद्द्याला एवढे पुरते. आणखी एक गोष्ट मनात ठेवावी. या संशोधनातली बहुतेक त्वचा गोरी आहे. सावळ्या त्वचेवर सुरकुत्या उशिरा येतात. आपल्याकडे वय आधी दिसते ते वांग, काळपट डाग आणि असमान रंग यांतून. सुरकुत्या मोजून काढलेली टक्केवारी आपल्या गालांवर तशीच्या तशी चिकटवता येत नाही.

आंब्याची गोष्ट मात्र थोडी सविस्तर सांगण्यासारखी आहे. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस शाखेत पाळी गेलेल्या २८ स्त्रियांना आठवड्यातून चार दिवस अताउल्फो जातीचा आंबा दिला गेला. ज्यांनी दर वेळी ८५ ग्रॅम, म्हणजे साधारण अर्धी वाटी खाल्ला, त्यांच्या खोल सुरकुत्या दोन महिन्यांत २३ टक्क्यांनी घटल्या. २०२० मध्ये ही बातमी जगभर फिरली. बातमीच्या शेपटाकडे फारसे कुणी पाहिले नाही: ज्यांनी दीड वाटी, म्हणजे अडीचशे ग्रॅम खाल्ला त्यांच्या सुरकुत्या वाढल्या. अभ्यास लहान, पैसा अमेरिकेतल्या आंबा-व्यापाऱ्यांच्या मंडळाचा, त्यामुळे २३ टक्के हा आकडा भिंतीवर लिहून ठेवावा असा नाही. उलट दिशेने गेलेला निष्कर्ष मात्र मला अधिक प्रामाणिक वाटतो, कारण तो पैसे देणाऱ्याच्या सोयीचा नव्हता. वाढ कशाने झाली हे त्या अभ्यासाने सिद्ध केले नाही. संशोधकांना संशय साखरेचा. तो निराधार नाही. साखर प्रथिनांच्या घटकांशी जुळते आणि मिश्रण तपकिरी होते, हे मायार या फ्रेंच शास्त्रज्ञाने १९१२ मध्येच दाखवले होते. चपातीवरचे तपकिरी डाग हा त्याच रासायनिक क्रियेचा झटपट अवतार. शरीरात ती सावकाश चालते. त्वचेतल्या कोलॅजेनचे अर्धायुष्य सुमारे पंधरा वर्षे आहे, म्हणजे त्याला साखर चिकटायला भरपूर सवड मिळते. चिकटलेले धागे ताठर होतात. आमरसाच्या वाट्यांची मोजदाद करणे आपल्याकडे असभ्य समजतात, हे मला माहीत आहे.

यातूनच स्मूदीवरचा सर्वांत वजनदार आक्षेप उभा राहतो: फळ दळून पिण्यापेक्षा चावून का खाऊ नये? १९७७ मध्ये ब्रिटनमध्ये दहा जणांना एकच सफरचंद तीन रूपांत देण्यात आले. अख्खे फळ खाऊन पोट भरल्याची भावना सर्वाधिक होती, गराने ती कमी, रसाने सर्वांत कमी. रस प्यायल्यावर रक्तातली साखर चढून झटक्यात खालीही आली. म्हणजे रस आणि स्मूदी एक नव्हेत, पण स्मूदी आणि फळही एक नव्हेत. ब्रिटनच्या आरोग्यसेवेने रस आणि स्मूदी मिळून दिवसाला १५० मिलिलिटरची मर्यादा घातली आहे. दुसऱ्या बाजूलाही थोडा पुरावा आहे. बारीक बिया असलेली फळे बियांसकट वाटली तर साखर अख्ख्या फळापेक्षा कमी चढते, असे अलीकडच्या काही छोट्या प्रयोगांत दिसले आहे. बिया फुटून त्यांतला चोथा आणि तेल मोकळे होते, हे त्याचे संभाव्य कारण. या आक्षेपाला माझे उत्तर सरळ आहे. ज्याला पेरू चावता येतो त्याने तो चावावा आणि हे पुस्तक दुसऱ्या कुणाला द्यावे. ज्याला चावता येत नाही त्याच्यापुढे पेरू की स्मूदी अशी निवड नसतेच. त्याच्यापुढे स्मूदी की बिस्कीट एवढीच निवड असते, आणि तुलना तिथे करायला हवी. म्हणून या पुस्तकातला पेला जेवणावर वरून ओतायचा नाही. तो चार वाजताच्या चहा-खारीच्या जागी आहे.

करण्याची रीत एकाच पेल्यावर दाखवतो. पिकलेला पण घट्ट पेरू धुऊन फोडी कराव्यात, साल ठेवावी, कारण क जीवनसत्त्व सालीत आणि सालीलगत जास्त असते. पाव वाटी पाणी घालून मिक्सर थांबत थांबत फिरवावा, म्हणजे गर सुटतो आणि बिया अख्ख्या राहतात. मग चहाच्या बारीक नव्हे, मोठ्या भोकांच्या गाळणीतून चमच्याने दाबून गाळावे. गाळणीत फक्त बिया उरायला हव्यात. गर अडकत असेल तर आणखी चमचाभर पाणी. या गरात अर्धी वाटी घट्ट ताजे दही, चमचाभर भाजून कुटलेले जवस, चमचाभर पंढरपुरी डाळ्याचे पीठ, चिमूटभर मीठ आणि जिरेपूड. साखर नाही, गूळ नाही, मधही नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या व्याख्येत मध हीसुद्धा मोकळी साखरच आहे. दही आणि डाळे प्रथिनांसाठी. कोलॅजेन शेवटी प्रथिन आहे आणि म्हाताऱ्या माणसाला दर किलो वजनामागे दिवसाला किमान एक ग्रॅम प्रथिन हवे असे वार्धक्यतज्ज्ञ सांगतात, जे चहा-बिस्किटांतून जमणे शक्य नाही. (डब्यांतून मिळणारी कोलॅजेनची पावडर इथे मुद्दाम घेतलेली नाही. २०२५ मध्ये २३ चाचण्यांचे एकत्रित विश्लेषण झाले. औषधकंपन्यांचा पैसा नसलेल्या चाचण्यांत तिचा त्वचेला फायदा दिसला नाही.) जवस कुटलेलेच हवेत, कारण अख्खे जवस जसे गेले तसे बाहेर येतात. गाजर, पपई, टोमॅटो घेतले तर थोडा स्निग्धांश लागतोच. त्यांची रंगद्रव्ये तेलाशिवाय आतड्यातून फारशी पुढे सरकत नाहीत. टोमॅटो तर शिजवलेला बरा. जर्मनीतल्या एका छोट्या प्रयोगात रोज ४० ग्रॅम टोमॅटो पेस्ट ऑलिव्ह तेलाबरोबर दहा आठवडे खाणाऱ्यांच्या त्वचेला कृत्रिम उन्हाचा लालसरपणा ४० टक्के कमी आला होता. म्हणून इथे टोमॅटोची स्मूदी नाही, सार आहे.

केळ्याबद्दल दोन शब्द, कारण केळे घातल्याशिवाय स्मूदी दाट होत नाही अशी समजूत रूढ आहे. केळे कापल्यावर काळे पडते ते ज्या विकरामुळे, तेच विकर शेजारच्या फळांतली फ्लॅव्हनॉल नावाची उपयुक्त द्रव्येही मोडते. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात केळ्याची स्मूदी पिणाऱ्यांच्या रक्तात ही द्रव्ये ८४ टक्क्यांनी कमी पोचली. तेव्हा स्ट्रॉबेरी, द्राक्षे, सफरचंद यांच्या जोडीला केळे नको. केळ्याला आपल्याकडे शिकरण आहे, त्याने तिथेच सुखाने राहावे. क जीवनसत्त्वाला हवा आणि तांबे दोन्ही सोसत नाहीत, म्हणून पेला केल्या केल्या प्यावा आणि तांब्याच्या भांड्यात मुळीच ठेवू नये.

शिकरणाचा उल्लेख आला की विरुद्धाहाराचा प्रश्न येणारच. चरकसंहितेत दूध आणि आंबट फळे एकत्र घेण्याला निषेध आहे, आणि घरातल्या मोठ्या माणसांना तो पाठ असतो. दूध आंबटाने फाटते, त्यातून विष तयार होत नाही. पोटात गेल्यावर ते तसेही फाटतेच. रसायनशास्त्र एवढे सांगते. पण ज्यांच्यासाठी हे पुस्तक आहे त्यांच्याशी या मुद्द्यावर भांडून काय साधणार? आंबट फळांना दुधाची गरजच नाही. दही चालत असेल तर दही, नाही तर नारळाचे दूध, ज्याची सोलकढी शतकानुशतके कोकमाच्या आंबटपणाबरोबर नांदते आहे. अननस मात्र दह्यातही नको: त्यातले विकर दुधाची प्रथिने फोडते आणि थोड्या वेळाने मिश्रण कडवट लागते.

हे पुस्तक ज्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय उघडू नये अशी माणसे आहेत. मूत्रपिंड अधू असेल तर फळांतले पोटॅशियम धोक्याचे ठरते. रक्त पातळ ठेवणारी वॉर्फरिनची गोळी चालू असेल तर पालेभाज्यांचे प्रमाण एकाएकी वाढवता येत नाही. पक्षाघातानंतर गिळताना ठसका लागत असेल तर पेल्याचा दाटपणा तज्ज्ञानेच ठरवावा. कच्च्या पालकाची हिरवी स्मूदी, जी 'शरीरशुद्धी'च्या नावाखाली खपते, ती इथे कुणासाठीच नाही. २०१८ मध्ये एका ६५ वर्षांच्या अमेरिकन बाईची नोंद प्रसिद्ध झाली. लठ्ठपणासाठी तिच्या जठरावर पूर्वी शस्त्रक्रिया झालेली होती आणि नुकताच प्रतिजैविकांचा लांबलेला कोर्स झाला होता. त्यावर तिने ऑक्झलेटने भरलेल्या हिरव्या स्मूदींचा सपाटा लावला, आणि मूत्रपिंडे कायमची निकामी झाली. सगळ्यांचे असे होत नाही, पण पालक शिजवून पाणी टाकले की बरेच ऑक्झलेट निघून जाते, मग कच्चा दळण्याचा हट्ट कशासाठी?

पाककृतींचा क्रम बाजाराप्रमाणे लावला आहे. सुरुवात थंडीपासून आहे, कारण पेरू आणि आवळा दोन्ही तेव्हा स्वस्त असतात. प्रत्येक पेला दीडशे मिलिलिटरचा, म्हणजे घरातल्या चहाच्या मोठ्या कपाएवढा. आंबा मुद्दाम अगदी शेवटी ठेवला आहे आणि त्याचे माप अर्धी वाटी आहे.